टॉवरचा भार, अक्काचा डबा

खानदेशात लोक जातात ते केळीच्या व्यापाराला, भरीत खायला, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला. मी गेलो डबे बघायला. जेवणाचे नव्हे, वायफायचे. निघताना शेजारच्या काकूंना हे सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू माझी नोकरी गेली असावी आणि पोरगा घरात सांगायला घाबरत असावा.

आधी माझा धंदा सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मोबाइलचा टॉवर म्हणजे आपली एसटी समजा. दिवसभर अर्धी रिकामी आणि संध्याकाळी माणसं दाराला लोंबकळतायत. कारण संध्याकाळी सासूला मालिका बघायची असते, सुनेला दुसरी मालिका, पोरांना क्रिकेट, आणि ज्याला काहीच बघायचं नसतं तो रील बघतो. त्या एवढ्याशा गर्दीसाठी मोबाइल कंपनीने नवा टॉवर उभारला, तर तो बाकीचा दिवस माशा मारत बसणार. त्यापेक्षा एसटीच्या शेजारी एक काळी-पिवळी जीप उभी करायची आणि थोडी माणसं तिच्यात बसवायची. ती काळी-पिवळी म्हणजे आमचा डबा. दुकानात लावायचा, तारेने इंटरनेट आणायचं, आसपासचे फोन त्यावर वळवायचे. टॉवरचा जेवढा भार आम्ही उतरवू, तेवढे पैसे मोबाइल कंपनी आम्हाला देते आणि त्यातला वाटा दुकानदाराला जातो. इंग्रजीत याला ऑफलोड म्हणतात. आमच्या पुण्याच्या ऑफिसात हा शब्द इतका बोकाळलाय की परवा एकाने बायकोला माहेरी पोचवली तेही याच शब्दात सांगितलं.

आमच्या वैशाली मॅडम म्हणाल्या, "सावदा, अमळनेर आणि शिरपूरच्या वरचं ते डोंगराखालचं गाव. तिन्ही डब्यांचं काहीतरी बिनसलंय. पहिले दोन दुरुस्त करून ये. तिसरा बघ, आणि जमत नसेल तर काढून आण."

"जमत नसेल म्हणजे?"

"टॉवर हलका होत नसेल तर," त्या म्हणाल्या. एवढं साधं होतं सगळं.

सावदा

सावद्यात उतरलो तो थंडीतला दिवस. रस्त्यावर समोरून ट्रक, मागून ट्रक, आणि सगळ्यांत केळी. मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे केळं म्हणजे सत्यनारायण किंवा आजारी माणूस. इथे केळं हा बोलण्याचा, भांडण्याचा आणि सोयरीक जमवण्याचा विषय आहे. ज्यांच्याकडे आमचा डबा होता ते नाना केळीचे व्यापारी. जाडजूड, पांढरा सदरा, बोलताना प्रत्येक वाक्यानंतर समोरच्याच्या मांडीवर थाप. संध्याकाळपर्यंत माझी मांडी बधिर झाली.

नानांच्या वखारीपाशी संध्याकाळी मजूर, हमाल, ड्रायव्हर सगळे जमतात आणि प्रत्येकजण फोनवर. नाना स्वतः दिल्लीच्या व्यापाऱ्याला घडाचा व्हिडिओ पाठवत असतात. घड एकच, व्हिडिओ चार बाजूंनी, मुलगी दाखवल्यासारखे. टॉवरचा जीव मेटाकुटीला येतो. म्हणजे डबा हवा तर इथेच. पण डब्यावर एकही फोन लागत नव्हता.

"डबा कुठाय नाना?"

नाना मला केळी पिकवायच्या खोलीकडे घेऊन गेले. दार जाडजूड, आतून पत्रा, भिंतीत थंडावा धरून ठेवायचं सामान भरलेलं. आत क्रेटच्या थप्प्या आणि त्यांच्या मधोमध, एका रिकाम्या क्रेटमध्ये, आमचा डबा दिवा लुकलुकवत बसलेला. त्या खोलीतून हवा बाहेर येत नाही, तिथून वायफाय काय येणार.

"नाना, हा इथे का?"

"गरम होऊन राह्यला होता ना भाऊ. हात लावला तर चटका. म्हटलं, खराब होईल. थंड्यात ठेवला." नानांनी थाप मारली. "पाहा, एकदम ताजा हाये."

 ज्या माणसाचं आयुष्य नाजूक माल थंड ठेवण्यात गेलं, त्याने आमच्या डब्यालाही केळ्याचा मान दिला. मी डबा बाहेर काढून खांबावर लावला. अर्ध्या तासात सगळे हमाल त्यावर चिकटले आणि नानांचा व्हिडिओ दिल्लीला एका झटक्यात गेला. नानांना एवढा आनंद झाला की त्यांनी शेतात भरीत मांडलं. ती हिरवट, पांढुरकी, बाळाच्या डोक्याएवढी वांगी कापसाच्या काड्यांवर भाजतात, लसूण-मिरचीसकट लाकडी भांड्यात ठेचतात आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुरीबरोबर खातात. आमच्याकडे वांग्यात मसाला भरायची पद्धत आहे. इथे वांग्याला इतकं बडवतात की मसाल्याची गरजच उरत नाही. मी इतकं खाल्लं की रात्री कुशीवर वळता येईना.

अमळनेर

अमळनेरला गाडीने आलो. कॉलेजजवळ आबांचं चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे एक पत्रा, एक भट्टी, दोन बाकडी. आबा वाळलेल्या शेंगेसारखे, कमी बोलणारे आणि बोलले की समोरच्याची बोलती बंद करणारे. इथे डबा अगदी योग्य जागी होता आणि तरी संध्याकाळी, नेमका टॉवर गुदमरतो तेव्हा, बंद असायचा. सकाळी चालू, दुपारी चालू, दिवेलागणीला गुडूप.

"आबा, वीज जाते का संध्याकाळी?"

"नही. मीच बंद करस."

"का पण?"

आबांनी कपात चहा ओतला, माझ्यापुढे ठेवला. "सांजले चालू ठेवं तं पोरं उठतसच नही. एक चहा, चार पोरं, आन बठ्ठं बाकडं अडी जास. मंग मी चहा इकू का बाकडं इकू?"

मी हिशोब मांडला. संध्याकाळच्या भाराचा वाटाच जास्त मिळतो, दुपारचा किरकोळ. आबांनीही मांडला आणि त्यांचाच बरोबर निघाला. आम्ही वाटा देतो त्यापेक्षा मोकळ्या बाकड्यावर चहा जास्त खपतो. पुण्यात एवढ्या माणसांनी एवढे तक्ते काढले आणि कुणाच्या डोक्यात बाकडं आलं नव्हतं. मला माझ्याच ऑफिसचा राग आला, आणि आबांचाही आला, कारण त्यांना मजा वाटत होती.

शेवटी तोड निघाली. डब्याचं तोंड रस्त्यापलीकडे फिरवलं. पलीकडे झेरॉक्सच्या दुकानाच्या ऐसपैस पायऱ्या. पोरं तिकडे जाऊन बसली, चहा मात्र इकडून मागवू लागली. आबा खूश, टॉवर हलका, मी खूश. तासाभराने झेरॉक्सवाला हातात फडकं घेऊन आला आणि माझ्या सात पिढ्यांची चौकशी करून गेला. गिऱ्हाइकाला आत जायला वाट नाही म्हणे. मी आबांकडे पाहिलं. आबा भट्टीत कोळसा घालत होते.

त्या रात्री लॉजवर शेवभाजी खाताना माझ्या लक्षात आलं की आम्ही भार उतरवतो म्हणजे तो कुठे जात नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी पायरीवर जाऊन बसतो. शेवभाजी एवढी तिखट होती की हा विचार तिथेच राहिला, आणि नाकाडोळ्यांतून पाणी आलं ते वेगळं.

शिरपूरच्या वर

शिरपूरहून पुढे खरीखुरी काळी-पिवळी. मी पुढे ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसलो आणि गियर माझ्या गुडघ्यांच्या मध्ये. कापसाची शेतं संपतात, रस्ता वर सरकायला लागतो, समोर सातपुडा येतो. गाव म्हणाल तर उतारावर विखुरलेली घरं. त्यातली निम्मी कुलूपबंद. पावसावरची शेती दिवाळीपर्यंत आटोपते, मग माणसं ऊस तोडायला गुजरातेत जातात ती उन्हाळ्यात परततात. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कोंबड्या.

डबा होता अक्कांच्या किराणा दुकानात, पंचायतीच्या शेजारी. पंचायतीपर्यंत तार आलेली, म्हणून तिथे. अक्का साठीच्या, ठेंगण्या, नऊवारीचा काष्टा घट्ट, आणि तोंडाला विश्रांती नाही. घरात, बाहेर आणि माझ्याशीही खानदेशीतच बोलायच्या. दुकानाच्या दारावर आमचं पुण्याचं पोस्टर होतं, मोठ्या अक्षरांत: "तुमचा भार, आम्ही उतरवतो." ते कुणी लिहिलं मला माहीत आहे. तो मुलगा आयुष्यात कधी पिशवी उचलून चाललेला नाही.

मी ओळख सांगत होतो तेवढ्यात डोंगरावरून एक बाई आली. डोक्यावर जळणाचा भारा, तिच्याहून मोठा. ती दुकानापुढे येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघू लागली. मी तिच्याकडे बघू लागलो.

अक्का म्हणाल्या, "पाटीवर काय लिखेल शे?"

"तुमचा भार..." मी म्हटलं आणि थांबलो.

"मंग उतारा ना भाऊ. कव्हयनी उभी शे ती."

ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी तंबाखू चोळायची थांबवली. मी पुढे झालो, भाऱ्याला हात घातला आणि तो माझ्यासकट खाली आला. गुडघा फुटला, चष्मा उडाला, कमरेतून असा आवाज आला की कोंबड्या पळाल्या. ती बाई पदर तोंडाला लावून हसत होती. म्हातारे तोंड न झाकता हसत होते. ही माझी या गावातली सलामी.

नंतर अक्कांनी हळद लावून दिली आणि मक्याची भाकर, उडदाची डाळ, मिरचीचा ठेचा असं पुढ्यात ठेवलं. मी विचारलं, "त्या बाई तुमच्या कोण?"

"कोनीच नही. वाटवर उभं शे त्यानी उतारना. भारा कोना शे, ते आठे इचारतस नही."

भारा डोक्यावर चढवायला माणूस लागतो तसा उतरवायलाही लागतो, एकटीने उतरवला तर मान जाते. म्हणून जो कोणी वाटेत उभा असेल त्याने हात लावायचा. ओळख नको, विचारपूस नको, आभार तर नकोच. आमच्याकडे लिफ्टचं दार धरून ठेवलं तरी माणूस सोसायटीच्या बैठकीत ते बोलून दाखवतो.

आता मुद्द्याचं. अक्कांचा डबा ठणठणीत होता. दिवसभर सुस्त, संध्याकाळी नुसता धो धो चालायचा. सावद्याच्या तोडीस तोड. मी आधी खूश झालो. मग टॉवर पाहिला. तो डोंगराच्या पलीकडे, इकडे त्याची नजरच पोचत नाही. फोन लावायचा तर लोक वरच्या टेकाडावर जातात. म्हणजे त्या टॉवरवर या गावाचा भार कधी नव्हताच. डबा कितीही राबला तरी कुणाचं काही हलकं होत नव्हतं, आणि जे हलकं होत नाही त्याचे पैसे मोबाइल कंपनी कशाला देईल.

मी हे अक्कांना समजावलं. एसटीची गर्दी, काळी-पिवळी, रिकामी एसटी असेल तर काळी-पिवळी परवडत नाही, सगळं हातवारे करून.

अक्कांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमना गावले यष्टीच येत नही. जठे यष्टी नही तठेच ना काळी-पिवळी लागस?"

माझ्याच गाडीत बसून त्यांनी मला खाली उतरवलं. मी पाणी प्यायलो.

दिवेलागणीला डबा कशासाठी राबतो ते कळलं. दुकानापुढच्या अंगणात माणसं जमली. म्हाताऱ्या, म्हातारे, पोरं, दोन-चार घरांत मिळून एकेक फोन. गुजरातेत उसाच्या फडातून लेकी-सुना-मुलगे कामावरून परततात, तेव्हा इकडे तोंडं दिसतात. अक्कांची लेक रंजना आणि जावई तिकडेच. त्यांची मुलगी चिंगी अक्कांजवळ. चिंगी चारेक वर्षांची, नाक सतत वाहतं, स्वभाव माझ्यासारखा, म्हणजे चिडका. फोन लागला, रंजना दिसली, कपाळाला धूळ, मागे पाचटाच्या खोप्या.

"जेवनी का?" रंजनाने विचारलं.

चिंगीने मान फिरवली. तिला आधी रुसायचं होतं. आई ते ओळखून वाट बघत राहिली. मग चिंगीने एकदम दाताखालची हिरडी दाखवली, कुठेतरी पडून दात हललेला, आणि सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता चित्र अडकलं. रंजना अर्ध्या हसण्यात गोठली, एक डोळा मिटलेला.

मला कारण कळलं. इकडे डबा होता, तिकडे नव्हता. फडाजवळच्या त्या टॉवरवर सगळ्या टोळ्यांतली माणसं त्याच वेळी आपापल्या गावी फोन करत असणार. खरा भार तिथे होता. एसटीचं दार तिथे मोडत होतं.

"आजी, माय थांबी गयी," चिंगी म्हणाली. तिला त्यात काही वाईट वाटलं नाही. हलणारी आई भरभर बोलते आणि जाते, ही थांबलेली होती. तिने फोन दोन्ही हातांत धरला, पडद्यावर नाक टेकवलं आणि राहिलेली दाताची हकीकत त्या मिटलेल्या डोळ्याला सांगून टाकली. अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या. मला वाटतं मुद्दाम. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी वैतागतो, म्हणून मी बाहेर जाऊन दुखऱ्या कमरेनिशी उगाच एका कुत्र्याला हाकललं.

सकाळी टेकाडावर चढून मॅडमना फोन लावला. जेवढं भांडता येतं तेवढं भांडलो. म्हटलं, पंचायत तारेचं भाडं भरेल, लोक थोडं थोडं देतील. मॅडम वाईट नाहीत, त्यांनी सगळं ऐकलं.

"कोण देईल?" त्यांनी विचारलं. "देणारी माणसं तर गुजरातेत आहेत."

"परत आल्यावर देतील."

"परत आल्यावर त्यांना व्हिडिओ कॉल कशाला लागेल?"

 ही त्या डब्याची खरी गंमत आहे. गाव भरलेलं असतं तेव्हा तो परवडला असता, पण तेव्हा तो कुणाला नको. गाव रिकामं होतं तेव्हा तो हवा, पण तेव्हा तो परवडत नाही. मी उसाच्या फडाचं सांगितलं, तिथे टॉवर गुदमरतोय, डबे तिथे लावू या. त्या म्हणाल्या, कल्पना छान आहे, लिहून पाठव, पण फड दर पंधरवड्याला हलतो, तार कुठे कुठे नेणार? मग म्हणाल्या, "मला एकच सांग. तिथला टॉवर हलका होतोय का?"

"नाही."

"मग काढ. लाइन आज बंद होतेय."

हिशोबात चूक नव्हती. चूक असती तर बरं झालं असतं, मी त्या चुकीवर बोट ठेवून ओरडलो असतो.

खाली आलो. अक्का दुकान झाडत होत्या. माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं. रागावतील, बोलतील, गावातली चार माणसं बोलावतील, म्हणून मी उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही लागलं नाही. त्यांनी आतून स्टूल आणलं, डबा बसवलेल्या आढ्याखाली ठेवलं आणि धरून उभ्या राहिल्या. मी चढलो. चार स्क्रू, एक तार. डबा हातात आला तेव्हा अक्कांनी स्टुलाला गुडघा लावला आणि दोन्ही हात वर केले.

"अक्का, राहू द्या. हलका आहे. मी आणतो एकटा."

"आण इकडे भाऊ," त्या म्हणाल्या, आणि हात तसेच धरून ठेवले.

मी डबा सोडला. त्यांनी तो अलगद घेतला, खाली ठेवला, पदराने वरची धूळ पुसली. दारात चिंगी उभी होती. ती डब्याकडे पाहून म्हणाली, "आजी, सांजले लावशी ना?"

"भाऊले जावाले उशीर व्हई राहिना," अक्का म्हणाल्या आणि तिला कडेवर घेऊन आत गेल्या.

काळी-पिवळी खाली उतरत गेली तशी माझ्या फोनवर रेंजची एकेक काडी उगवत गेली. शिरपूरच्या अलीकडे सगळ्या काड्या भरल्या आणि मॅडमचा निरोप आला, झालं का म्हणून. डबा माझ्या मांडीवर होता. आमच्या ऑफिसच्या भाषेत मी "उतरवला" असं लिहिलं. मग ते खोडलं. उतरवणारे हात अक्कांचे होते, माझे नव्हते. मी लिहिलं, "काढला."